सिस्टिन चॅपलमधला न दिसणारा एसी

आपल्याकडे जुन्या वाड्यात एसी बसवायचा म्हटलं की माणूस ड्रिल मशीन घेऊन येतो, भिंतीला भोक पाडतो, बाहेर डबा टांगतो, झालं काम. व्हॅटिकनच्या सिस्टिन चॅपलमधे, म्हणजे पोपच्या प्रार्थनागृहात, हे करून बघा! वर मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ मधे रंगवलेलं छत, भिंतींवरही चित्रंच चित्रं, साधा खिळा ठोकायची सोय नाही.

आणि एसी कशासाठी, तर माणसांना गार वाटावं म्हणून नाही, माणसांपासून चित्रं वाचावीत म्हणून.

हिशोब बघा ना. नुसता उभा असलेला माणूस साधारण १०० वॉट उष्णता सोडतो, आपला जुना पिवळा बल्बच समजा. आत एका वेळी २,००० लोक असू शकतात, म्हणजे २ लाख वॉट, दीड टनाचे जवळपास ४० एसी नुसत्या माणसांपायीच लागतील. शिवाय श्वास आणि घामातून माणशी तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ, म्हणजे तासाला १०० लिटर, ५ बादल्या पाणी हवेत!

खरा घोळ पुढे आहे. ही चित्रं फ्रेस्को आहेत, म्हणजे ओल्या चुन्यावर काढलेली. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो, त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होतं आणि रंग त्यात पक्के बसतात. पण तोच वायू नंतर माणसांच्या श्वासातून जास्त झाला आणि भिंतीला ओल धरली की कार्बोनेट विरघळायला लागतं, परत सुकलं की पांढरी भुकटी वर येते. चुनखडीच्या गुहेत लवणस्तंभ होतात ना, तीच केमिस्ट्री. २०१० मधे असा पांढुरका थर सापडला पण. १९९३ ची एसी सिस्टिम ७०० लोकांच्या हिशोबाने केलेली, ती बिचारी किती पुरणार.

मग २०१४ मधे कॅरियर या एसी कंपनीने नवीन बसवली. अवजड मशिनरी चॅपलच्या बाहेर, आणि हवा आत आणायला भिंतीतली आधीचीच भोकं वापरली, नवीन तोडफोड नाही. कॅमेरे आतली गर्दी मोजतात आणि त्याप्रमाणे हवा कमीजास्त होते. हवा सोडायची तीही हळू, कारण जोराचा झोत चित्रावर गेला तर सोबत धूळ नेऊन चिकटवतो. कार्बन डायऑक्साइड ८०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ८०० भाग) खाली ठेवायचं टार्गेट आहे, आणि दारं लावून दहाबारा जण तासभर मीटिंगला बसले की आपल्या ऑफिसात हा आकडा आरामात हजारावर जातो.