गुडघा प्रत्यारोपणानंतरचे पाऊलमापन

गुडघ्याचा कृत्रिम सांधा बसवल्यावर रुग्ण किती चालतो याची नोंद मनगटी पट्टा, स्मार्ट घड्याळ किंवा मोबाइलमधील संवेदकाने ठेवून तिच्या आधारे चालण्याची मात्रा वाढवण्याची पद्धत. संपूर्ण गुडघा प्रत्यारोपण १९७० च्या दशकात स्थिरावले. पाऊलमापनाची जोड त्याला मुख्यतः २०१० नंतर मिळाली.

पाऊलमापकाचे जनकत्व वादग्रस्त आहे. लिओनार्दो दा विंचीच्या रेखाटनांत दातेरी चाकांचे चाल मोजणारे यंत्र आढळते, परंतु ते प्रत्यक्षात घडवले गेले असे मानण्यास आधार नाही. अमेरिकेत हे श्रेय पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या टॉमस जेफरसन याला देण्याची प्रथा आहे. त्याने मात्र हे यंत्र पॅरिसमध्ये मिळवून १७८८ च्या सुमारास आपला राजकीय सहकारी जेम्स मॅडिसन याच्याकडे धाडले; म्हणजे तो फार तर प्रसारक ठरतो. स्विस घड्याळजी अब्राहम-लुई पेरेले याने १७८० च्या आसपास, आपोआप चावी भरणाऱ्या घड्याळाच्या तत्त्वावर पाऊलमापक बनवला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. टोकियो ऑलिंपिकनंतर, साधारण १९६५ मध्ये, जपानमध्ये ‘मानपो-केई’ हा कमरेला लावायचा मापक विक्रीस आला आणि रोज दहा हजार पावलांचे उद्दिष्ट त्याच्यासोबत जगभर पसरले. हा आकडा विक्रीच्या सोयीतून रूढ झाला आहे. प्रत्यारोपणाच्या रुग्णाला पहिल्या काही आठवड्यांत तो लावणे गैर होय.

आजच्या पट्ट्यांत त्रिअक्षीय त्वरणमापी, म्हणजे तिन्ही दिशांतील वेगबदल टिपणारा संवेदक असतो. शरीराला बसणाऱ्या लयबद्ध हिसक्यांतून तो पाऊल ओळखतो, आणि अडचण नेमकी इथेच येते. शस्त्रक्रियेनंतर चाल संथ असते, पाऊल आखूड पडते आणि हात वॉकरच्या दांड्यावर स्थिर असतो. त्यामुळे मनगटावरील पट्ट्याला हिसका पुरेसा जाणवत नाही. शिवाय चुकीची मोजणी टाळण्यासाठी अनेक उपकरणे सलग काही पावले पडल्याशिवाय नोंदच सुरू करत नाहीत. मुंबईतील एका खोलीच्या घरात पलंगापासून मोरीपर्यंतचे अंतर तेवढे भरतेच असे नाही. दिवसभर प्रामाणिकपणे चाललेल्या आजींच्या पट्ट्यावर त्यामुळे केविलवाणा आकडा दिसतो, आणि भजनात टाळ वाजवले की तोच फुगण्याची शक्यता असते. खड्ड्यांतून जाणाऱ्या रिक्षाचे हादरेही क्वचित पावलांत जमा होतात. घोट्यावर बांधलेला मापक संथ चालीत अधिक विश्वसनीय ठरतो. मात्र पायावर सूज असल्याने त्याचा पट्टा आवळू नये. काठी सुटली आणि हात मोकळा झाला की मनगटी मोजणी सुधारते. त्या आठवड्यात आकडा एकदम वाढलेला दिसला, तरी ती सगळी प्रगती गुडघ्याची धरू नये.

परिणामकारकतेचा पुरावा मर्यादित आहे. ऑस्ट्रेलियातील, २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक (रुग्णांची गटवारी चिठ्ठ्या टाकल्यासारखी करणाऱ्या) चाचणीत गुडघा व खुबा प्रत्यारोपणाच्या १६३ रुग्णांचा समावेश होता. स्वतःचा आकडा दिसणारे रुग्ण तो न दिसणाऱ्यांपेक्षा पहिल्या आठवड्यात सरासरी ४३ टक्के, तर सहा महिन्यांनी १७ टक्के अधिक चालले. वेदना व हालचालींविषयी रुग्णांनी स्वतः दिलेल्या गुणांत मात्र लक्षणीय फरक पडला नाही. जास्त चालणे हेच यश, असा अर्थ काही जण लावतात. पट्टा उत्साह टिकवतो, सांधा सुधारतो असे नव्हे, हे वाचन अधिक सावध आहे. कारण गुडघा किती वाकतो, पूर्ण सरळ होतो का आणि मांडीच्या पुढच्या स्नायूत बळ किती आले, यांपैकी काहीच पावलांच्या आकड्यात उमटत नाही. वाकण्याचे माप फिजिओथेरपिस्ट कोनमापकाने घेतात. पोटरीतील रक्ताची गुठळी किंवा जंतुसंसर्गही पट्टा ओळखत नाही. त्यामुळे एकेका दिवसापेक्षा आठवड्याचा कल पाहावा आणि पावले वाढल्यावर संध्याकाळी सूज वा दुखणे वाढले, तर दुसऱ्या दिवशी मात्रा उतरवावी.

मुंबईत पाऊलमापनाचा वापर प्रामुख्याने खासगी उपचारांशी निगडित दिसतो. केंद्र शासनाने ऑगस्ट २०१७ मध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली (कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्यासाठी करांव्यतिरिक्त ५४,७२० रुपये). पट्टा हा खर्च त्याबाहेरचा. चालण्याचा सराव बहुधा चाळीच्या गॅलरीत किंवा इमारतीच्या आवारात सुरू होतो, पुढे शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती. पावसाळ्यात तो पुन्हा घरात येतो. लिफ्ट नसलेल्या इमारतींतील जिने आणि रेल्वेचे पादचारी पूल ही इथल्या रुग्णाची खरी परीक्षा, पण पावलांच्या आकड्यात जिन्याची पायरी आणि सपाट जमिनीवरचे पाऊल सारखेच मोजले जाते. चढताना चांगला पाय आधी व उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी, हा नियम पाळला गेला का, हेही त्यातून कळत नाही.

मापक थेट सांध्यातच बसवण्याचा मार्गही खुला झाला आहे. नडगीच्या हाडात जाणाऱ्या दांड्यात संवेदक असलेल्या ‘पर्सोना आयक्यू’ या सांध्याला अमेरिकी औषध प्रशासनाने २०२१ मध्ये परवानगी दिली. पावलांसोबत चालण्याचा वेग आणि गुडघ्याच्या हालचालीचा आवाका यांचीही नोंद तो ठेवतो.