वजनाचं इंजेक्शन व्हिडिओ सल्ल्याने घेताना

आमच्याकडे फॉर्म भरला की औषध घरी, असं होत नाही. पहिली भेट डॉक्टरांशी व्हिडिओवरच. त्याआधी सकाळी उपाशीपोटी वजन करा आणि उंची भिंतीला टेकून मोजा. ८० किलो वजनाला १६५ सेंमी उंचीवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २९.४ येतो, १६० वर ३१च्या वर. औषध साधारण ३० पासून दिलं जातं; बीपी, मधुमेह असा वजनाशी जोडलेला आजार असेल तर २७ पासून.

सध्या चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरा, नावं आठवून सांगू नका. मधुमेहाची ग्लिमेपिराइड गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचा डोस बदलावा लागतो. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कर्करोग झाला असेल, तुम्हाला आधी स्वादुपिंडाची सूज आली असेल किंवा बाळाचा विचार चालू असेल, तर ते आधी सांगा.

मौंजारो आणि वेगोव्ही ही वजनाची इंजेक्शनं. मौंजारो २.५ मिग्रॅने सुरू होतं, आठवड्यातून एकदा, चार आठवडे, मग ५. वेगोव्ही ०.२५ ने. सुरुवातीचा डोस वजन उतरवण्यासाठी नसून पोटाला सवय लागावी म्हणून असतो. काटा हलत नाही म्हणून स्वतःच डोस वाढवला की उलट्या सुरू होतात, अंगातलं पाणी कमी होतं आणि ताण मूत्रपिंडांवर येतो. मौंजारो घेताना गर्भनिरोधक गोळीचा भरवसा धरू नका: सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे निरोध वापरा.

पार्सल आलं की लगेच उघडा. इंजेक्शनचं पेन २ ते ८ अंशांत राहायला हवं, पण गोठलेलं पेन वितळलं तरी बाद. फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात ठेवा, मागच्या भिंतीला चिकटून नको. तिथे बर्फ धरतो.

मौंजारोच्या पेनमध्ये (क्विकपेन) चार डोस असतात. चौथ्यानंतर थोडं औषध उरलेलं दिसतं, ते हवा काढण्यासाठीचं असतं. पाचवा डोस म्हणून घेऊ नका. बटण पूर्ण दाबून सुई आतच ठेवून पाच अंक सावकाश मोजा, नाहीतर औषध बाहेर ओघळतं.

पाठीत जाणारी तीव्र पोटदुखी सुरू झाली तर आम्हाला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. भूल द्यायची शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल आधी सांगा, कारण जेवण पोटात जास्त वेळ राहतं.

सुई दर वेळी नवी घ्या. वापरलेली सुई झाकणाच्या जाड प्लास्टिक डब्यात टाका. पिशवीत सुटी टाकली तर कचरा उचलणाऱ्याच्या हाताला टोचते.