किवीचे मादागास्करचे भाऊबंद

मादागास्कर बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वाळूत अजूनही पिवळसर रंगाच्या जाड कवच्या पडलेल्या आढळतात. एखादी कवची हातात घेतली तर फुटक्या मडक्याची खापरीच वाटावी. कोंबडीच्या अंड्याचे कवच अर्धा मिलिमीटरही जाड नसते, तर हे साधारण ३ मिलिमीटर भरते. उजेडात धरून पाहिले की त्यावर टाचणीने टोचल्यासारखी छिद्रे आणि आखूड चिरा दिसू लागतात. आतल्या पिल्लाला हवा मिळत होती ती या वाटांनी. ही कवची हत्तीपक्ष्याच्या अंड्याची आहे. ते अखंड अंडे ३० सेंटीमीटरहून अधिक लांब असे आणि कोंबडीच्या सुमारे १५० अंड्यांचा ऐवज त्यात मावत असे. पृथ्वीवर आजवर ज्ञात असलेल्या कोणत्याही पक्ष्याचे अंडे याहून मोठे नाही.

हे अंडे घालणारा पक्षी जवळजवळ ३ मीटर उंच आणि अर्ध्या टनाहूनही वजनदार होता. १८५१ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रॉय सेंट-हिलेर यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले, पण तोपर्यंत तो नामशेष होऊन कित्येक शतके लोटली होती. त्याच्या आधी १८३९ मध्ये लंडनमध्ये शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांच्याकडे न्यूझीलंडहून आलेला एक हाडाचा तुकडा पोहोचला होता. तो जेमतेम १५ सेंटीमीटर लांब होता आणि त्याची दोन्ही टोके तुटलेली होती. एवढ्यावरून ओवेन यांनी शहामृगाएवढा पक्षी तेथे राहत असला पाहिजे असे जाहीर केले, आणि पुढच्या चार वर्षांत पेट्या भरभरून आलेल्या हाडांनी त्यांचे म्हणणे खरे ठरवले. त्या पक्ष्याला न्यूझीलंडचे माओरी लोक मोआ म्हणत. मोआच्या नऊ जाती आता मानल्या जातात. त्यांतील सर्वांत मोठ्या जातीची मादी मान उंचावली की साडेतीन मीटरपर्यंत पोहोचे. नर मात्र तिच्यापुढे इतके लहान होते की बराच काळ ते वेगळ्याच जातीचे समजले गेले. मोआला पंखाचे एकही हाड नव्हते, अवशेषरूपानेही नव्हते, आणि पक्ष्यांमध्ये हे विलक्षणच म्हटले पाहिजे.

शहामृग, एमू, कॅसोवरी, रिआ, किवी, मोआ आणि हत्तीपक्षी या सर्वांची उरोस्थी, म्हणजे छातीचे हाड, सपाट असते. उडणाऱ्या पक्ष्याच्या उरोस्थीवर नांगराच्या फाळासारखा उभा कणा असतो आणि उड्डाणाचे दणकट स्नायू त्याला जखडलेले असतात. या मंडळींत तो कणाच नाही. त्यामुळे ही सगळी एकाच न उडणाऱ्या पूर्वजाची लेकरे असावीत हा तर्क सहज सुचण्यासारखा होता. आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया, मादागास्कर आणि न्यूझीलंड हे प्रदेश एके काळी गोंडवन या महाखंडात एकत्र होते. तो महाखंड दुभंगत गेला तसे त्याच्या तुकड्यांवर बसून हे पक्षीही दूर दूर गेले, अशी मांडणी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सर्वमान्य झाली. कल्पना सुंदर होती आणि नकाशाशी नेमकी जुळत होती, म्हणूनच ती चुकीची निघणे मला फार बोधप्रद वाटते.

या मांडणीप्रमाणे किवी आणि मोआ हे एकाच बेटावरचे सख्खे शेजारी एकमेकांचे जवळचे नातलग असायला हवे होते. प्रत्यक्षात डीएनएने वेगळेच सांगितले. मोआचे सर्वांत जवळचे हयात नातलग म्हणजे दक्षिण अमेरिकेतले टिनामू. हे तित्तिरासारखे दिसणारे पक्षी आहेत आणि ते थोडेफार का होईना, पण उडतात. त्यानंतर २०१४ मध्ये हत्तीपक्ष्याच्या हाडांतून मिळवलेल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि किवीचा सर्वांत जवळचा भाऊबंद मादागास्करचा हत्तीपक्षी निघाला. एकाचे वजन दोन-तीन किलो, दुसऱ्याचे पाच-सहाशे. ही दोन्ही कुळे वेगळी झाली ती सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे त्यांचे प्रदेश समुद्राने विभागले गेल्यानंतर बऱ्याच काळाने. (मादागास्कर तर सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत आपल्या भारतीय भूखंडालाच चिकटलेले होते.) मग एवढा समुद्र त्यांच्या पूर्वजांनी ओलांडला कसा? याचे उत्तर एकच संभवते, ते उडत आले. उडण्याची शक्ती या कुळात एकदा नव्हे, तर निरनिराळ्या ठिकाणी अनेकदा गमावली गेली आणि सपाट उरोस्थी ही त्या समान परिणतीची खूण ठरली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर नाहीसे झाल्यावर जमिनीवर चरणाऱ्या मोठ्या प्राण्यांच्या जागा मोकळ्या होत्या. खाली अन्न मुबलक आणि शत्रू थोडे असतील, तर उड्डाणाचे खर्चीक स्नायू पोसण्यात पक्ष्याचा लाभ नसतो.

या कुळातला शहामृग आपल्याही भूमीवर होता. चाळीसगावजवळच्या पाटणे येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि आडव्यातिडव्या रेषा कोरलेला एक तुकडा मिळाला असून त्यांचा काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा आहे. खानदेशातल्या त्या माणसाने हातात धरलेल्या कवचाच्या जातीचा पक्षी आज भारतात वन्य स्थितीत कोठेही नाही.

मोआंचा शेवट तर आपल्या फार जवळच्या काळातला आहे. न्यूझीलंडमध्ये माणसाने पाऊल ठेवले ते तेराव्या शतकाच्या सुमारास, आणि त्यानंतर दीडेकशे वर्षांत मोआ संपले. लाखो वर्षे त्यांना भीती होती ती आकाशातून झडप घालणाऱ्या हास्ट गरुडाची. दोन पायांवर चालत येणाऱ्या शिकाऱ्यापासून पळावे हे त्यांना ठाऊकच नव्हते. ते सावकाश वाढत आणि त्यांची पिल्लेही थोडी असत, त्यामुळे झालेली तूट भरून निघाली नाही. मोआवर जगणारा तो गरुडही त्यांच्याबरोबरच गेला. हे वाचताना दरवेळी मन खिन्न होते.

किवी तेवढा उरला. त्याचे अंडे मादीच्या वजनाच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढे असते. किवीचा पूर्वज मोआएवढा होता, पुढे देह आटत गेला आणि अंडे मात्र मोठेच राहिले, असे याचे स्पष्टीकरण दिले जाई. परंतु न्यूझीलंडमध्ये सेंट बॅथन्स येथे किवीच्या एका प्राचीन नातलगाची हाडे सापडली आहेत. ती १.६ कोटी वर्षांहून जुनी असून आजच्या किवीपेक्षाही लहान आणि बहुधा उडणाऱ्या पक्ष्याची आहेत. तेव्हा अंड्याचे कारण त्या अंड्यातच शोधावे लागते. त्यात पिवळा बलक निम्म्याहून अधिक असतो. पिल्लू बाहेर येते ते पिसांसह आणि पोटात उरलेला बलक घेऊन. आईबाप त्याला चारा भरवीत नाहीत. पहिले काही दिवस ते त्या शिदोरीवर काढते आणि मग एका रात्री बिळाबाहेर पडून ओल्या मातीत चोच खुपसून स्वतःचे किडे स्वतः शोधू लागते.