ग्रिडप्रवेश, नव्या शर्यतसंघांचा (खानदेश)

मोटार-शर्यतीत प्रथमच उतरणाऱ्या संघाने नोंदणी, तांत्रिक तपासणी आणि पात्रता-फेरी पार करून गाडी आरंभस्थानी, म्हणजे स्टार्टिंग ग्रिडवर, उभी करणे. खानदेशात (जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्हे) या संज्ञेचा संबंध मुख्यतः अभियांत्रिकी विद्यार्थ्यांच्या ‘बाहा’ स्पर्धेशी (स्वतः बांधलेल्या, खडबडीत वाटेवर धावणाऱ्या गाड्यांच्या) येतो.

ग्रिडवरील जागा वेगावर ठरवण्याची पद्धत कोठे सुरू झाली याविषयी दोन मते आढळतात. १९३३च्या मोनॅको ग्रां प्रीपासून (ग्रां प्री म्हणजे मोठी आंतरराष्ट्रीय मोटार-शर्यत) ती रूढ झाली, हे मत अधिक प्रचलित आहे. त्यापूर्वी युरोपात बहुधा चिठ्ठ्या टाकून जागा वाटत. परंतु अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे १९११च्या पहिल्या ५०० मैलांच्या शर्यतीत चाळीस गाड्या प्रवेशअर्ज पोचल्याच्या क्रमाने उभ्या केल्या होत्या आणि १९१५पासून तेथे पात्रता-फेरीतील वेग पाहून क्रम लावला जाऊ लागला. म्हणून पद्धतीचे मूळ इंडियानापोलिसला आणि ग्रां प्री शर्यतींतील तिचा प्रसार मोनॅकोला जोडणे अधिक सयुक्तिक ठरते. मागाहून आलेल्याने मागे उभे राहायचे हा अर्जांच्या क्रमाचा नियम मात्र कापूस विक्रीला नेलेल्या कोणाही खानदेशी शेतकऱ्याला परका वाटणार नाही.

जागा मर्यादित आणि इच्छुक अधिक झाले, तशी पात्रतेआधीची पात्रता आली. फॉर्म्युला वनमध्ये १९९० साली लाइफ या इटालियन संघाने चौदा वेळा प्रयत्न केला. एकदाही तो पूर्व-पात्रता फेरीच्या पुढे गेला नाही. १९९२चा अँड्रिया मोडा संघ केवळ मोनॅकोत ग्रिडवर पोचला. १९९६मध्ये १०७ टक्क्यांचा नियम आला : पहिल्या क्रमांकाच्या वेळेच्या १०७ टक्क्यांत फेरी पुरी न करणाऱ्यास शर्यत बंद. पुढच्याच वर्षी लोला संघाच्या दोन्ही गाड्या मेलबर्न येथे अकरा सेकंदांहून अधिक मागे पडल्या आणि दुसऱ्या शर्यतीआधी संघ मोडला. २०१०साठी प्रवेश मिळालेला अमेरिकेचा यूएसएफ१ हा संघ तर गाडी घेऊन आलाच नाही. त्याच हंगामात बहारीनला हिस्पानिया संघाचे भारतीय चालक करुण चंढोक यांची गाडी सरावाला तयार नव्हती. ती प्रथम धावली ती थेट पात्रता-फेरीत. या बहुतेक संघांच्या अपयशाचे कारण वेगाचा अभाव असे नोंदले जाते. प्रस्तुत लेखकास पैसा आणि त्याहून वेळ कमी पडणे हे मूळ कारण वाटते.

महाराष्ट्रात १९८३पासून विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि खानदेशात बांभोरी, फैजपूर, धुळे, पुढे शिरपूर येथे यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण सुलभ झाले. बाहा स्पर्धा मूळची अमेरिकेतील (साउथ कॅरोलायना विद्यापीठ, १९७६). नाव मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया द्वीपकल्पावरून आले. स्पॅनिश ‘ज’चा उच्चार ‘ह’ होतो, त्यामुळे ‘बाजा’ हे रूप चुकीचे, तरी गावाकडे वाजंत्रीच्या अर्थाने तेच तोंडी बसते. भारतातील स्पर्धा २००७पासून मध्य प्रदेशातील पिथमपूर येथे होऊ लागली. खानदेशी संघांना ही जागा सोयीची : धुळ्याहून आग्रा रोडने शिरपूर, पळासनेर, बिजासन घाट, सेंधवा, आणि पुढे पिथमपूर. गाडी टेम्पोत ताडपत्रीखाली बांधून नेतात.

इंजिन सर्वांना सारखेच, साधारण दहा अश्वशक्तीचे. म्हणून कस लागतो तो सांगाडा आणि ब्रेक यांवर. चालकाभोवतीच्या पिंजऱ्याच्या मुख्य नळ्यांच्या पोलादात किमान ०.१८ टक्के कार्बन लागतो. नळी २५ मिमी. बाह्य व्यासाची व ३ मिमी. जाडीची, किंवा तितकीच मजबूत. ट्रॉल्या आणि नांगर जोडणारा वेल्डर हाताने कितीही तरबेज असला, तरी नळीच्या रासायनिक घटकांचा दाखला त्याच्याकडे नसतो. तो पुरवठादाराकडून आणावा लागतो. चालकाला पट्टे सोडून पाच सेकंदांत बाहेर पडता आले पाहिजे.

विद्यार्थी ज्याला नुसते ‘टेक’ म्हणतात त्या तपासणीचा शेवटचा टप्पा ब्रेकचा. वेगात येऊन पेडल दाबताच चारही चाके एकाच वेळी जाम झाली पाहिजेत. गाडी थांबली एवढे पुरत नाही. ब्रेक लावताच भार पुढच्या चाकांवर जातो, त्यांची जमिनीवरची पकड वाढते, आणि ती जाम करायला मागच्यांहून अधिक जोर लागतो. इंजिन चालकामागे असल्याने गाडी उभी असताना वजन मागे, ब्रेक लागताच पुढे. हा हिशेब कागदावर चुकतो. त्यात ब्रेकतेलाच्या नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखे दबते. जुन्या मारुती ८००चा दुहेरी मास्टर सिलिंडर (पेडलाचा जोर ब्रेकतेलावर देणारे नळकांडे) अनेक संघ वापरतात, कारण त्यात पुढचा आणि मागचा असे दोन स्वतंत्र तेलमार्ग आयते मिळतात. त्याचा दट्ट्या मात्र चारचाकीच्या मोठ्या कॅलिपरांसाठी (चाकाची चकती आवळणाऱ्या जबड्यांसाठी) मापलेला असतो. दुचाकीचे छोटे कॅलिपर जोडले, तर पायाचा जोर वाया जातो आणि पेडलाची लांबी नव्याने ठरवावी लागते.

तपासणीत नापास झालेल्यास दुरुस्ती करून पुन्हा रांगेत लागता येते, वेळ असेपर्यंत. बारागाड्या ओढणाऱ्या मुलखातील मुलांना गाडी हाताने ढकलत त्या रांगेत नेण्याचे अप्रूप नसावे. चार तासांच्या सहनशक्ती-शर्यतीसाठी ग्रिड लागते तेव्हा कोणी तेथे उभे असते, कोणी तंबूत ब्रेकमधली हवा काढत बसलेले असते.