पिप

पिप : चार्ल्स डिकन्स (१८१२–७०) या इंग्रज कादंबरीकाराच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’चा अनाथ नायक व निवेदक. पूर्ण नाव फिलिप पिरिप. ही कादंबरी ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकात डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ दरम्यान क्रमशः प्रसिद्ध झाली. कथेचा काळ लेखकाने दिलेला नाही. एक पौंडाच्या नोटा, परतलेल्या हद्दपार कैद्याला फाशी अशा उल्लेखांवरून तो साधारणतः एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध असावा.

केंटच्या दलदलीच्या प्रदेशात, थोरल्या बहिणीच्या धाकात आणि तिचा नवरा जो गार्गरी या लोहाराच्या मायेत पिप वाढतो. पळालेला कैदी मॅगविच याला तो भीतीपोटी अन्न व कानस आणून देतो. पिपच्या अधःपतनाचे मूळ अनेकदा अचानक लाभलेल्या पैशात शोधले जाते. कादंबरीचा क्रम मात्र वेगळा आहे. मिस हॅविशॅम या श्रीमंत, विक्षिप्त स्त्रीच्या घरी तिची दत्तक मुलगी एस्टेला त्याच्या खरबरीत हातांची आणि जाड बुटांची हेटाळणी करते, तेव्हा त्याच्या खिशात काहीच नसते. जोची लाज त्याला तिथून वाटू लागते. जोकडील लोहारकामाच्या उमेदवारीच्या चौथ्या वर्षी अज्ञात उपकारकर्त्याकडून आलेली संपत्ती त्या लाजेला फक्त वाव देते. जो लंडनला भेटीस येतो, त्या प्रसंगी ही लाज सर्वांत उघडी पडते.

परिवर्तनाचा क्षण कोणता, याविषयी एकमत नाही. तेविसाव्या वर्षी आपला उपकारकर्ता मॅगविचच आहे हे कळते तेव्हा पिपला किळस येते, पालट होत नाही. हद्दपारीतून परतलेला मॅगविच पकडला जातो आणि पिप त्या जखमी मॅगविचचा हात हातात घेतो, तो प्रसंग बहुतेकांना निर्णायक वाटतो. संपत्ती सरकारजमा होणार हे पिपला तेव्हा उमगलेले असते, तरी खटला व मृत्यूपर्यंत तो त्याच्यापाशी राहतो. पण याआधीच, उधळपट्टीच्या दिवसांत, मित्र हर्बर्टसाठी त्याने गुपचूप भागीदारीची तजवीज केलेली असते. म्हणून पिपमधील चांगुलपणा नव्याने जन्मत नाही, दबलेला वर येतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पुढे पिपच्या आजारपणात जो त्याची शुश्रूषा करतो व न सांगता कर्ज फेडून निघून जातो. मागोमाग जाऊन पिप जो आणि त्याची नवी पत्नी, पिपची बालमैत्रीण बिडी यांची क्षमा मागतो.

शेवटाचा वाद याच प्रश्नाशी निगडित आहे. मूळ शेवटात लंडनच्या रस्त्यावर पुनर्विवाहित एस्टेलाची ओझरती भेट होऊन दोघे कायमचे दुरावतात. कादंबरीकार एडवर्ड बुल्वर-लिटन यांच्या सल्ल्यावरून डिकन्सने तो बदलला व मिस हॅविशॅमच्या भग्न वाड्याच्या जागी दोघांना एकत्र आणले. मूळ मजकूर डिकन्सचे चरित्रकार जॉन फॉर्स्टर यांनी प्रसिद्ध केला; कथेच्या ओघाशी तोच अधिक सुसंगत आहे, असे त्यांचे मत होते. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १९३७ च्या आवृत्तीत तोच छापला. पिपचा पालट एस्टेला मिळण्यावर अवलंबून नसल्याने फॉर्स्टर यांचे म्हणणे पटते; छापील शेवटही त्यांचे मीलन निःसंदिग्धपणे सांगत नाही.

क्षमायाचनेनंतर हर्बर्टच्या पेढीत कैरोला केलेल्या नोकरीच्या अकरा वर्षांविषयी कादंबरीत मोजक्याच ओळी आहेत : पिप काटकसरीने राहिला, उरलेल्या कर्जातून मुक्त झाला आणि कारकुनाच्या पदावरून पेढीचा भागीदार झाला.