एकाच गर्भाशयात बाळ आणि द्राक्षगर्भ

सोनोग्राफीत हृदयाचे ठोके पडणारा, महिन्यांच्या हिशेबाने नीट वाढणारा गर्भ दिसतो, त्याची वारही निरोगी असते. आणि लगतच पाण्याने फुगलेल्या बारीक पुटकुळ्यांचा, द्राक्षांच्या घडासारखा पुंजका दिसतो, तोच द्राक्षगर्भ. साधारण २० हजार ते १ लाख गर्भारपणांत असे एखादेच आढळते.

येथे एकाच पाळीत दोन स्त्रीबीजे बाहेर पडलेली असतात. एक नेहमीसारखे फलित होते. दुसऱ्यात आईची गुणसूत्रेच नसतात, त्यात शिरलेला शुक्राणू आपली २३ गुणसूत्रे दुप्पट करतो किंवा क्वचित दोन शुक्राणू शिरतात, आणि ४६चा आकडा भरतो खरा, पण सगळी गुणसूत्रे वडिलांची असतात. नुसत्या पितृजनुकांवर वारेची ऊती फोफावते, भ्रूण मात्र घडत नाही. १९८४ साली उंदरांवरील प्रयोगांतही हेच दिसले होते.

डॉक्टरांपुढचा पहिला पेच ओळख पटवण्याचा असतो. द्राक्षगर्भाच्या ‘अपूर्ण’ या दुसऱ्या प्रकारातही पुटकुळ्या आणि गर्भ एकत्र दिसतात, पण तो गर्भ स्वतःच ६९ गुणसूत्रांचा असतो आणि जगत नाही. म्हणून बाळाची वार पुटकुळ्यांच्या पुंजक्यापासून वेगळी आहे का हे पाहतात, आणि गरजेनुसार गर्भजल काढून गुणसूत्रे मोजतात. ही खातरजमा न करता गर्भपाताचा सल्ला देणे घाईचे ठरेल.

लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयातील डॉक्टरांनी २००२ साली अशा ७७ गर्भारपणांचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५३ जणींनी गर्भ ठेवला आणि २० जिवंत बाळे जन्मली. गर्भ ठेवल्याने नंतर द्राक्षगर्भाची उरलेली ऊती वाढत राहून केमोथेरपी लागण्याचा धोका फारसा वाढला नाही. दोन्ही गटांत ती साधारण पाच-सहा जणींमागे एकीला लागली. तरीही वाट सोपी नव्हे: रक्तस्राव, अकाली प्रसूती, लवकर चढणारा रक्तदाब, आणि वारेच्या ऊतीत तयार होणारे एचसीजी संप्रेरक अतोनात वाढल्याने थायरॉइडचा अतिरेक, यांवर सतत लक्ष ठेवावे लागते.

प्रसूतीनंतर वार तपासणीला पाठवतात आणि एचसीजी पूर्ववत होईपर्यंत रक्त पुन्हापुन्हा तपासतात. ते उतरेनासे झाले, तर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे बहुतेक वेळा आजार पुरता बरा करतात. तोवर पुढचे गर्भारपण टाळायला सांगतात, कारण वाढलेले एचसीजी नव्या गर्भाचे की उरलेल्या द्राक्षगर्भाचे, हे रक्ताच्या तपासणीत कळत नाही.