युद्धाची गोष्ट कोणत्या तारखेपासून सांगायची?

ग्वाल्हेरच्या फूलबागेत राणी लक्ष्मीबाईंची समाधी आहे आणि शिंद्यांचा जयविलास महाल तिथून फार लांब नाही. १ जून १८५८ ला मुरारजवळ जयाजीराव शिंद्यांची बहुतेक फौज राणी, तात्या टोपे आणि रावसाहेब पेशवे यांना जाऊन मिळाली. जयाजीराव आग्र्याला निघून गेले. तीन आठवड्यांच्या आत इंग्रजांनी शहर परत घेतलं, आणि त्याच धुमश्चक्रीत कोटा की सराय इथे राणी पडल्या. ब्रिटिश नोंदी त्या दिवसासाठी १७ जून धरतात, तर बलिदान दिन पाळला जातो १८ जूनला.

गोष्ट १ जूनपासून सांगितली तर जयाजीराव म्हणजे ऐन वेळी इंग्रजांच्या बाजूने राहिलेला राजा. सुभद्राकुमारी चौहान यांच्या शाळाशाळांत पाठ झालेल्या कवितेत तेच रूप आहे. तीच गोष्ट २९ डिसेंबर १८४३ पासून सुरू करा. त्या एका दिवशी महाराजपूर आणि पनिहार अशा दोन्ही लढाया ग्वाल्हेर हरलं आणि मग तहाने फौज कापली गेली. आता दिसतो तो हात बांधलेला तरुण संस्थानिक. शिवाय १८५८ नंतर किल्ला इंग्रजांनी आपल्याकडेच ठेवला; तो शिंद्यांना मिळाला १८८६ मध्ये, झाशीच्या बदल्यात. इतिहास दोन्हीकडे खराच आहे, फरक पडतो तो आरंभबिंदूने. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये ज्योतिरादित्य शिंदे समाधीवर डोकं टेकवायला गेले, तर त्याची बातमी झाली.

राष्ट्रं हेच करतात, फक्त सरकारी शिक्का मारून. दुसरं महायुद्ध पोलंडसाठी १ सप्टेंबर १९३९ ला सुरू होतं. रशियाचं ‘महान देशभक्तीपर युद्ध’ (तिथे या महायुद्धाचं हेच नाव) सुरू होतं २२ जून १९४१ ला, जर्मनीने हल्ला केला तेव्हा. त्यामुळे स्टालिनचा हिटलरशी करार आणि १७ सप्टेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजांचं पोलंडमध्ये घुसणं, दोन्ही गोष्टीच्या बाहेर राहतात. वॉर्सा आणि मॉस्को यांचं जमत नाही त्यामागे हे एक मोठं कारण आहे. चीनने २०१७ मध्ये पाठ्यपुस्तकांतलं जपानविरुद्धचं युद्ध ८ वर्षांऐवजी १४ वर्षांचं केलं. आरंभ १९३७ वरून सप्टेंबर १९३१ मधल्या मांचुरियावरच्या हल्ल्यापर्यंत मागे नेला.

शेवटाचीही तीच गत. जर्मनीची शरणागती ८ मे १९४५ ला रात्री ११ वाजून १ मिनिटाने लागू झाली. मॉस्कोच्या घड्याळात तेव्हा ९ मे उजाडला होता. घड्याळाच्या त्या फरकाचं आज परराष्ट्र धोरण झालंय. युक्रेनने २०२३ मध्ये आपला विजयदिवस ८ मे ला हलवला, तो मॉस्कोपासून वेगळं व्हायचं म्हणूनच.

विजयाचं श्रेय वाटायची वेळ आली की गणितच कोलमडतं. मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि सहकाऱ्यांनी आठ माजी मित्रराष्ट्रांतल्या लोकांना विचारलं, की विजयात तुमच्या देशाचा वाटा किती टक्के? उत्तरांची बेरीज भरली ३०९. एकट्या रशियाची सरासरी ७५. ही लबाडी म्हणता येत नाही. आपल्याकडचे प्रसंग पटकन आठवतात आणि जे पटकन आठवतं ते मोठं वाटतं. मराठी माणसालाही १७६१ चं पानिपत जिभेवर असतं, पण दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये मराठ्यांनी दिल्ली परत घेतली, हे किती जणांना सांगता येईल?

हे वाद आत्ताच का चिघळतात? जर्मन अभ्यासक यान आसमान यांच्या मते तोंडी आठवण साधारण ८० ते १०० वर्षं टिकते. ‘आजोबा तिथे होते’ म्हणणारे संपले की आठवण स्मारकं, सुट्ट्या आणि पाठ्यपुस्तकांच्या ताब्यात जाते, म्हणजे बऱ्याच अंशी सरकारच्या. महायुद्ध नेमकं या उंबरठ्यावर आहे.

तहात ‘विषय संपला’ लिहून विषय संपत नाही. जपान आणि दक्षिण कोरियाने १९६५ मध्ये कोरियावरच्या जपानी राजवटीबद्दलचे नुकसानभरपाईचे दावे ‘पूर्णतः आणि अंतिमतः’ मिटल्याचं लिहिलं. जपानने ३० कोटी डॉलर मदत आणि २० कोटी डॉलर कर्ज दिलं. पैसा गेला कोरियन सरकारकडे. सक्तीने राबवलेल्या मजुरांच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नाही. २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या मजुरांचे दावे ग्राह्य धरले. पुढच्याच वर्षी जपानने चिप बनवायला लागणाऱ्या तीन रसायनांच्या निर्यातीवर निर्बंध आणले.

फ्रान्स आणि जर्मनीने वेगळी वाट धरली. दोन्ही देशांतल्या शाळांसाठी, दोन्ही भाषांत, इतिहासाचं एकच पुस्तक. पहिला खंड २००६ मध्ये आला, आणि तो मुद्दाम १९४५ नंतरच्या काळाचा होता. दोन्ही महायुद्धांना हात घातला दुसऱ्या खंडात, २००८ मध्ये, एकत्र काम करायची सवय झाल्यावर. मतं जुळली नाहीत तिथे दोन्ही दृष्टिकोन शेजारी शेजारी छापले. आणि लेखकांमध्ये खरी घासाघीस झाली ती एकमेकांशी लढलेल्या युद्धांवरून नव्हेच, तर १९४५ नंतरच्या जगात अमेरिकेची भूमिका कशी लिहायची यावरून.